सकाळ सावरताना: ऑटिझम आणि एडीएचडी एकत्र असलेल्या प्रौढांसाठी

२०१३ सालापर्यंत निदानाच्या अमेरिकन नियमावलीत ऑटिझम (स्वमग्नता) आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्याची मुभा नव्हती, त्यामुळे आज चाळिशीत असलेल्या अनेकांना स्वतःची निम्मीच ओळख पटलेली असते. ऑटिझमला ठरलेला क्रम हवा असतो, तर एडीएचडीला तोच क्रम चार दिवसांत नकोसा होतो. म्हणून आंघोळ, नाश्ता, डबा हा क्रम तसाच ठेवावा आणि सोबत ऐकायचे गाणे तेवढे रोज बदलावे.

खरी कसोटी स्वयंपाकघरात लागते. कुकरची शिट्टी मला सहन होत नाही, म्हणून मी कानांवर हेडफोन चढवतो. पण मग शिट्ट्या मोजता येत नाहीत आणि गॅस बंद करायचा राहून जातो. त्यावर उपाय असा, की कुकर चढवताक्षणीच, हात धुण्याचीही वाट न पाहता, मनगटावरच्या घड्याळात थरथरणारा गजर लावावा आणि तो वाजेपर्यंत ओट्यापासून हलू नये.

किल्ली, पाकीट, औषधे दाराजवळच्या उघड्या टोपलीत ठेवावीत, कारण कपाटात गेलेली वस्तू आपल्या मनातूनही जाते.

संध्याकाळी घरी परतल्यावर अर्धा तास कोणाशीही बोलणे होणार नाही, हे घरच्यांना सकाळीच, मन शांत असताना सांगून ठेवावे. थकल्यावर तेवढे शब्दही सुचत नाहीत.