पार्लरचा खर्च करात दाखवताना या चुका टाळा

घरातल्या एका खोलीत पार्लर चालवणाऱ्या, घरोघरी जाऊन वॅक्सिंग-फेशियल करणाऱ्या, लग्नसराईत ब्रायडल मेकअपच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताई रिटर्नच्या वेळी पिशवीभर बिलं काढतात. पुष्कळदा त्या बिलांचा उपयोगच नसतो, कारण रिटर्न कुठल्या पद्धतीने भरायचं (अंदाजी नफा दाखवून की प्रत्यक्ष खर्च दाखवून) हेच ठरलेलं नसतं. ते आधी ठरवा. (खालचे नियम आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत.)

४४ एडी घेऊन वर खर्चही मागणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ४४ एडी म्हणजे छोट्या धंद्यांना अंदाजी नफा दाखवू देणारं आयकराचं कलम. त्यात हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. वर्षाच्या जमेपैकी यूपीआय-बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के हा किमान नफा धरतात. समजा ९ लाख जमा झाले, ६ लाख यूपीआयने आणि ३ लाख रोख. नफा ३६,००० अधिक २४,००० म्हणजे ६०,००० रुपये. त्यातून क्रीम, वॅक्स, खोलीचं भाडं, मदतनीस मुलीचा पगार, मशिनचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) असं काहीही पुन्हा वजा होत नाही. ते आधीच वजा झालंय असं कायदा समजतो.

६०,००० हा किमान आकडा आहे, हेही विसरू नका. हातात साडेचार लाख उरले असतील तर तेवढेच दाखवावेत. त्यात तोटाही नाही. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे (करातल्या सूटीमुळे) व्यवसायाच्या कमाईचा कर शून्य होतो. म्हणजे नफा साठ हजार दाखवा की साडेचार लाख, कर शून्यच. उद्या गाळ्यासाठी कर्ज मागायला गेलात की मात्र बँक रिटर्नमधला आकडा बघते.

एक वर्ष ४४ एडी, पुढच्या वर्षी मोठी खरेदी झाली म्हणून प्रत्यक्ष खर्च, अशा उड्याही मारू नका. पाच वर्षांच्या आत किमान दरापेक्षा कमी नफा दाखवलात तर पुढची पाच वर्षं ही सोय बंद होते. शिवाय उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही मागे लागतात.

मेकअप आर्टिस्ट आहे, म्हणून ४४ एडीए

४४ एडीएमध्ये जमेच्या निम्मी रक्कम नफा धरतात, पण ती सोय ठरावीक पेशांनाच आहे: डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट वगैरे. चित्रपट कलावंतांच्या यादीत ड्रेस डिझायनर आहे, मेकअप करणारी नाही. ब्यूटीशियनचं काम धंद्यात मोडतं.

नव्या प्रणालीत खर्च मिळत नाही, हा समज

तिथे मिळत नाही ती ८० सी सारखी वजावट, म्हणजे एलआयसीचा हप्ता, पीपीएफ. धंद्याचा खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो. उलट एलआयसीचा हप्ता धंद्याच्या खर्चात घुसडणारे भेटतात, तो कुठल्याच प्रणालीत तिथे बसत नाही.

प्रत्यक्ष खर्च दाखवताना

क्रॉफर्ड मार्केटला किंवा रविवार पेठेत एकदम माल भरताना पक्कं बिल मागा आणि पैसे यूपीआयने द्या. एका दिवसात एकाच दुकानदाराला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलीत तर तो पूर्ण खर्च नाकारला जातो, फक्त वरची रक्कम नव्हे. हायड्रा-फेशियलचं मशिन अशाच रोखीने घेतलं तर त्या रकमेवर घसाराही मिळत नाही.

मशिनची सगळी किंमत त्याच वर्षी खर्चात टाकणं चूक आहे. १,२०,००० च्या मशिनवर १५ टक्के, म्हणजे १८,००० घसारा. ३ ऑक्टोबरनंतर घेतलं असेल, म्हणजे वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल, तर निम्मा, ९,०००. फर्निचरला १० टक्के, लॅपटॉपला ४०.

स्वतःचं फेशियल आणि रील्ससाठी घेतलेली पैठणी खर्चात बसत नाही. ग्राहकाकडे घालायचा एप्रन बसतो. मोबाईल, वीजबिल, घरभाडं यांचा धंद्यापुरता वाटा घ्या आणि तो कसा काढला (खोलीचं क्षेत्रफळ, कामाचे तास) हे कागदावर लिहून ठेवा. स्कूटरच्या पेट्रोलसाठी तारीख, भाग आणि किलोमीटर यांची साधी वही पुरते. मदतनीसाचा पगार खर्चात येतो, मालकिणीचा स्वतःचा पगार येत नाही.

आणि जमेची बाजू एआयएसशी (आयकर खात्याकडे असलेल्या तुमच्या व्यवहारांच्या यादीशी) ताडून बघा. इव्हेंट कंपनीने किंवा स्टुडिओने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल तर ती ऑर्डर तिथे दिसतेच. ती वगळलीत तर नोटीस येऊ शकते, आणि कापलेला टीडीएस परत मिळायचाही राहतो. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवलंत तर भावाने यूपीआयने परत केलेले उसने पैसे कमाईत मोजले जात नाहीत.