पेडेरस फ्युसिपीस ओळखताना

हा छोटा भुंगेरा ओळखताना मी रंगाआधी पंख बघते. पुढचे पंख आखूड आणि मागे पोट जवळजवळ सगळं उघडं दिसलं, की स्टॅफिलिनिडी या भुंगेऱ्यांच्या कुळाची शंका घ्यावी. मग भिंग. लांबी साधारण 7 ते 8 मिलिमीटर. डोकं काळं, छाती नारिंगी, पंखांवर निळी धातूसारखी चमक, पोट पुन्हा नारिंगी, शेवटचे दोन खंड मात्र काळे. घाईत मुंगीच वाटते!

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ कर्टिस यांनी 1826 मध्ये ही जाती नोंदवली. जवळच्या जाती फार सारख्या दिसतात, म्हणून खात्रीसाठी नराचं जननांग तपासावं लागतं.

कीटक बोटाने कधीच चिरडू नका. त्याच्या रक्तद्रवात पेडेरिन हे त्वचेवर फोड आणणारं विष असतं. माझ्या मानेवर एकदा चिरडला गेला, दुसऱ्या दिवशी फोडांची रांग उठली. तेव्हापासून मऊ कुंचल्यानेच उचलते.