फॉस्फो-एर्कचा बँड गडद आला? आधी या चुका टाळा

गणेशखिंड असो की पाषाण, पुण्यात एमएस्सीचे प्रोजेक्ट रंगात आले की कुणीतरी ब्लॉट (पेशीतली प्रथिनं पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या, रूपात दाखवणारी चाचणी) घेऊन येतंच: "ताई, व्हायरसने एर्क चालू केलं!" एर्क हे पेशीत संदेश पुढे नेणारं प्रथिन; त्यावर फॉस्फेट चढलं की ते चालू होतं, तेच फॉस्फो-एर्क. मी एवढंच विचारते, मॉकमध्ये, म्हणजे व्हायरस न दिलेल्या तुलनेच्या पेशींत, काय दिसतंय? बरेचदा तिथला बँडही तितकाच गडद असतो.

वेलमध्ये (पेशी वाढवायच्या प्लेटच्या खळग्यात) ताजं, सिरमवालं (रक्तद्रव असलेलं) मीडियम घातलं की काही मिनिटांतच एर्कवर फॉस्फेट चढतं. त्यात व्हायरसचा काही हात नसतो. म्हणून पेशी आदल्या रात्रीपासून कमी सिरमवर ठेवा. मॉकला नुसतं मीडियम देऊ नका. व्हायरसचा स्टॉक ज्या पेशींत वाढवला, त्याच पेशींचं, पण संसर्ग नसलेलं मीडियम द्या. स्टॉकमध्ये सायटोकाइनही (पेशींनी सोडलेली, संदेश देणारी प्रथिनं) असतात ना! सोबत यूव्हीने निष्क्रिय केलेला व्हायरसही लावा. त्यानेही सिग्नल उठला, तर तो व्हायरस चिकटल्यामुळे किंवा आत शिरल्यामुळे आलाय, प्रती काढल्यामुळे नाही.

एमओआय (दर पेशीमागे दिलेले संसर्गक्षम व्हायरस) १ म्हणजे सगळ्या पेशींना संसर्ग झाला, असं समजू नका. पॉयसाँच्या (योगायोगाने होणाऱ्या वाटणीच्या) हिशेबाने ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात. ५ घेतला तर एक टक्क्याहून कमी. आणि इंटरफेरॉन (पेशीचं व्हायरसविरोधी प्रथिन) कसं बनतं ते पाहायचं असेल, तर व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडापासूनच्या) नकोत. त्या टाइप-१ इंटरफेरॉन बनवतच नाहीत.

सगळ्यात मोठी चूक मात्र अर्थ लावण्यात होते. एर्कसारखा संदेशमार्ग चालू झाला म्हणजे व्हायरसला तो हवाच होता, असं नाही. पेशी स्वतःचा बचावही करत असेल. इन्फ्लुएंझाचं उदाहरण घ्या. त्याचे आरएनपी (व्हायरसचा आरएनए आणि प्रथिनं यांचे जुडगे) केंद्रकात तयार होतात आणि बाहेर पडायला त्यांना राफ-मेक-एर्कची (एकामागून एक चालू होणाऱ्या प्रथिनांची) साखळी लागते. यू०१२६ हे रसायन देऊन मेक अडवला की ते केंद्रकातच अडकतात आणि टायटर (संसर्गक्षम व्हायरसचं प्रमाण) घसरतो. पुरावा असा लागतो: मार्ग अडवला, व्हायरस घटला, आणि नेमका कुठे अडला तेही दिसलं. पण त्याआधी, संसर्ग न केलेल्या पेशी त्या डोसवर जगतात का ते एमटीटीने (पेशी जिवंत आहेत का ते दाखवणाऱ्या चाचणीने) पाहा. मेलेल्या पेशीतही टायटर घसरतोच.

बँडच आला नाही, तर लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) व्हॅनाडेट आणि फ्लोराइड (फॉस्फेट काढणारी एन्झाइमं रोखणारी रसायनं) घातलं होतं का ते आठवा. ब्लॉकिंगला (ब्लॉटच्या पडद्यावरच्या मोकळ्या जागा झाकायला) दूधही नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा. आणि एप्रिलच्या दुपारी लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) बर्फाबाहेर ठेवून चहाला जाऊ नका.