'ड्रॅगन्स लेअर'चं मशीन दुरुस्त करताय? या चुका टाळा

'ड्रॅगन्स लेअर' हा नाणं टाकून खेळायचा आर्केड व्हिडिओ गेम. त्याची स्क्रीन काळी पडली की नवखे थेट झेड-८० प्रोसेसरच्या बोर्डावर घसरतात. चिप बदल, एप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी चिप) बदल, सुरूच. १९८३ च्या या सिनेमॅट्रॉनिक्स कंपनीच्या मशीनमध्ये बोर्ड चित्र काढतच नाही. डॉन ब्लूथच्या ॲनिमेशनची प्रत्येक फ्रेम लेझरडिस्कवर, म्हणजे लेझरने वाचायच्या व्हिडिओ तबकडीवर असते. बोर्ड जॉयस्टिक आणि तलवारीचं बटण बघतो, डिस्क फिरवणाऱ्या प्लेअरला अमुक फ्रेमवर जायला सांगतो आणि उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं नाही की खेळ ठप्प. स्कोअरचे एलईडी आकडे लागतायत, नाणं टाकल्यावर आवाज येतोय, तर बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. आधी प्लेअर तपासा.

तपासा म्हणजे स्क्रूड्रायव्हर घेऊन तुटून पडू नका! माझा सगळ्यात जास्त संताप होतो तो इथे. एका हौशी गृहस्थांनी माझ्याकडे पायोनियरचा एलडी-व्ही१००० हा लेझरडिस्क प्लेअर आणला. डिस्क फिरायची, चित्र मात्र मध्येच अडकायचं. त्यांनी आतले फोकस, ट्रॅकिंगचे सगळे प्रीसेट (जुळवणीचे छोटे स्क्रू) फिरवून पाहिले होते, मूळ जागेची खूण न करता. उघडून बघतो तर लेन्सवर धुळीचा थर. लेन्स पुसून झाली लगेच. प्रीसेट जागेवर आणायला मात्र ऑसिलोस्कोप लावून अख्खा रविवार गेला. मी आधी फोटो काढतो, प्रत्येक प्रीसेटवर बारीक मार्करने रेघ मारतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा लेन्सवरून हलक्या हाताने, दाब न देता. मग दुसरी डिस्क लावून बघतो. एवढं करूनही भागलं नाही तरच प्रीसेट, तोही एका वेळी एकच. फरक पडला नाही तर परत रेघेवर.

बोर्डाचे ५ व्होल्ट पॉवर सप्लायपाशी मोजून खूश होऊ नका, बोर्डावर मोजा.

पीआर-७८२० हा प्लेअर काढून एलडी-व्ही१००० बसवताय? एप्रॉम आणि डिप स्विच (बोर्डावरचे सेटिंगचे छोटे स्विच) त्या प्लेअरला जुळणारेच हवेत.

मशीन बंद केलं तरी पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर जबर व्होल्टेज उरतं. डिस्चार्ज न करता हात घालू नका, घाई असली तरी.

या प्लेअरमध्ये हेलियम-निऑनची लेझर नळी असते आणि ती वापराने झिजते. पाहुण्यांना दाखवायला मशीन दिवसभर चालू ठेवणं मला अजिबात पटत नाही. रोज खेळायचं असेल तर प्लेअरच्या जागी त्याची नक्कल करणारा डेक्स्टर बोर्ड लावा. त्याला शॉर्टकट म्हणून नाकं मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मूळ प्लेअर त्यामुळेच जास्त वर्षं टिकेल.