आउटबोर्डचा पंखा: आधी पाती सरळ, मग तोल

कृष्णेला पूर आला की चिकोडी, निपाणी, अथणीकडच्या बोटी उसाच्या फडांवरून चालतात. गढूळ पाण्याखालची कुंपणाची तार, बाभळीचं खोड, पाणी उपशाचा पाइप यांतलं काहीच दिसत नाही. बोटीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा पंखा एकदा तरी मार खातोच. बोट थरथरायला लागली की दुकानात पहिली मागणी येते ती 'बॅलन्स करून द्या' अशी. पण वाकड्या पंख्याचाही तोल काढता येतो. तो काट्यावर छान उभा राहतो आणि पाण्यात गेला की पुन्हा थरथरतो. म्हणून क्रम ठरलेला ठेवा: शाफ्ट, पाती, रंग आणि सगळ्यात शेवटी तोल.

काढणं आणि शाफ्ट बघणं

किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा, प्लगच्या वायरी सोडवा, मग गिअर न्यूट्रलला टाका. गिअरमध्ये असताना हाताने पंखा फिरवला तर इंजिन सुरू होऊ शकतं, तेव्हा हे विसरू नका. पातं आणि वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवा, नट सुटू न देणारी कॉटर पिन सरळ करून ओढा आणि नट सोडवा. पातं हातात धरून नट सोडवणाऱ्याचा तळवा कापतो.

पंखा निघाला की पुढचा थ्रस्ट वॉशरही काढा आणि त्यामागे बघा. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा तिथे गुंडाळून बसतो आणि हळूहळू शाफ्टचं सील कापतो. गिअर ऑइल दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी आत शिरलंय. आधी सील बदला.

आता केसिंगला एक तार बांधून तिचं टोक शाफ्टजवळ आणा आणि शाफ्ट हाताने फिरवा. फट कमीजास्त होताना डोळ्याला दिसली तर शाफ्ट वाकला आहे, पंख्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. डायल गेज असेल तर मॅन्युअलमधली मर्यादा बघा.

थरथर कुठली, हे मात्र पंखा काढायच्या आधीच ठरवून टाका. न्यूट्रलला रेस केल्यावरही थरथरत असेल तर दोष इंजिनाचा किंवा माउंटिंगचा. गिअरमध्येच येते आणि वेगाबरोबर वाढते, ती पंख्याची किंवा शाफ्टची. इंजिन एकदम ओरडतं पण बोट पुढे जात नाही, तेव्हा पंख्यातला रबरी बुश घसरलेला असतो. खात्री करायची तर बुशची आतली नळी आणि बाहेरचा बॉस (पंख्याचा मधला गोल भाग, ज्यातून पाती निघतात) यांवरून एक सरळ रेघ ओढा आणि बोट जोरात चालवून आणा. रेघ तुटली तर बुश बदला.

पाती एका रेषेत आणणं

पंखा परत शाफ्टवर चढवा. वरच्या आडव्या पट्टीला पेन्सिल अशी बांधा की तिचं टोक पात्याच्या शेंड्याला जेमतेम लागेल. फिरवून तिन्ही शेंड्यांची फट मोजा. दीड मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर कुठलं तरी पातं पुढे किंवा मागे गेलंय.

शेंडे जुळले म्हणजे पिच जुळलं असं नाही. बॉसवर १० × ११ असं काही कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे पंखा न घसरता एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल तितकं अंतर. ते मोजायला ग्रॅनाइटचा सपाट तुकडा पुरतो. १० इंची पंख्याची त्रिज्या १२७ मिमी, तिचे सात-दशांश म्हणजे ८९ मिमी. कागदावर ८९ मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, दर ३० अंशाला रेघा मारा आणि बॉसची मागची बाजू खाली करून पंखा बरोबर मध्यावर ठेवा. भोकात दांडा घालून गुण्याने तो उभा काटकोनात आहे ना ते बघा, नाहीतर पुढची सगळी मापं खोटी येतील. पात्याची पाणी ढकलणारी बाजू आता खाली तोंड करून असते. लागोपाठच्या दोन रेघांवर फरशीपासून पात्यापर्यंतची उंची घ्या आणि फरक काढा. त्याला १२ ने गुणलं की पिच. ११ इंच म्हणजे २७९ मिमी, म्हणजे फरक २३.३ मिमी यायला हवा.

पात्याच्या मागच्या कडेला मुद्दाम दिलेला बारीक वळसा असतो, म्हणून ती कड १०-१५ मिमी सोडून मोजा. पुष्कळ पंख्यांचं पिच पात्यावर पुढून मागे वाढत जातं, त्यामुळे कोरलेल्या आकड्याशी भांडण्यापेक्षा तिन्ही पात्यांवर एकाच जागी मोजून ती आपसात जुळवा. वरच्या उदाहरणात अर्ध्या मिमीचा फरक चालतो.

वळवायचं कसं? ॲल्युमिनियमचं पातं थोडंसं वाकलं असेल तर वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी मोगरीने थंडच ठोका. लोखंडी हातोडा नको. जास्त वाकलं असेल तर गरम करावं लागतं, आणि इथेच नवशिके पंखा घालवतात, कारण ॲल्युमिनियम लाल होत नाही, सरळ वितळतं. पात्यावर कपड्याच्या साबणाची रेघ ओढा. ती तपकिरी होऊन काळी पडायला लागली की ज्वाला बाजूला करा. बॉसभोवती ओलं फडकं गुंडाळून ठेवा, नाहीतर आतला रबर जळून जातो. मुळाशी तडा दिसला तर तो पंखा भंगारात टाका. मुळावर वेल्डिंग करून पूरग्रस्तांची बोट चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

कडेचा तुकडा उडाला असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत आरगॉन वेल्डिंगवाले आहेत. पंखा ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा असेल तर ४०४३ ची तार, मॅग्नेशियम मिश्रणाचा असेल तर ५३५६. भर थोडी जास्त घालून कानशीने दुसऱ्या पात्याच्या आकारावर आणा. पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला की काम सोपं. त्याच रात्री बोट लागणार असेल आणि वेल्डर मिळाला नाही, तर तिन्ही पात्यांचे शेंडे सारखे कापून घ्या. इंजिनाचे आरपीएम वाढतील, पण बोट थरथरणार नाही.

तोल

प्रायमर आणि रंग आधी द्या, पातळ आणि सारखा. जाड रंगाचे ओघळच दोन-तीन ग्रॅम भरतात.

लेथवर एक दांडा आणि दोन कोन करून घ्या. कोन बॉसच्या दोन्ही टोकांत मधोमध बसले पाहिजेत, सैल दांड्यावर काढलेला तोल फसवा असतो. दांडा टेकवायला चार जुने ६२०४ बेअरिंग घ्या, रॉकेलने धुऊन आतलं ग्रीस पूर्ण काढा, हलकं तेल एक-दोन थेंब सोडा. दोन-दोन बेअरिंगच्या खाचेत दांड्याची दोन्ही टोकं ठेवा आणि पाणसळ लावा. आधी साधनाचीच परीक्षा घ्या. शेंड्याला अर्धा ग्रॅम मेण लावल्यावर पंखा हलला नाही, तर बेअरिंग जड आहेत.

मग पंखा सोडा. जड पातं खाली येऊन थांबतं. समोरच्या बाजूला मेण लावत जा, पंखा कुठेही सोडला तरी थांबेल इथपर्यंत. ते मेण सराफाच्या काट्यावर तोला आणि किती त्रिज्येवर लावलं होतं ते लिहून ठेवा. शेंड्याकडे १२० मिमीवरचा एक ग्रॅम म्हणजे ६० मिमीवर दोन ग्रॅम.

किती फरक चालेल? पंखा २ किलोचा आणि २७०० आरपीएमचा धरू. गिअर गुणोत्तर दोनच्या आसपास असतं, म्हणून इंजिनाच्या निम्मे. फिरत्या भागांच्या तोलासाठी ठरलेल्या जी ६.३ या दर्जाच्या हिशेबाने साधारण ४५ ग्रॅम-मिमी चालतात, म्हणजे १०० मिमीवर जेमतेम अर्धा ग्रॅम. काटेकोरपणा जास्त वाटत असेल तर उलटा हिशेब बघा: तिथेच ५ ग्रॅम जास्त राहिले तर सुमारे ४ किलोचा ओढा सेकंदाला ४५ वेळा शाफ्टभोवती फिरतो. सील आणि बेअरिंग त्यानेच जातात.

धातू कमी करायचा तो जड पात्याच्या पुढच्या, फुगीर बाजूने, मधल्या भागातून. शेंडा आणि कडा सोडा, भोक तर कधीच पाडू नका. ४ × ५ सेंमी जागेवरून ०.२ मिमी घासलं की साधारण एक ग्रॅम जातो, त्यामुळे दोन-चार हात मारले की परत तोलून बघा. दहा ग्रॅमहून जास्त काढावे लागत असतील तर हात थांबवून पिच पुन्हा मोजा. तोल आणि शेंडे दोन्ही जुळले असतील तर या आकाराच्या पंख्याला मशीनवरच्या फिरत्या तोलाची गरज पडत नाही. घासलेल्या जागी रंगाचा हलका हात द्या.

परत बसवणं

स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या खाचांवर) पाण्याने न धुपणारं मरीन ग्रीस भरपूर लावा. ग्रॅफाइटचं नको, त्याने गंज धरतो. थ्रस्ट वॉशरची तिरकी बाजू शाफ्टच्या उतारावर बसते. तो राहिला किंवा उलटा बसला तर बॉस केसिंगला घासतो. मग पंखा, स्पेसर, वॉशर, नट. मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा, सैल कधीच करू नका. कॉटर पिन दर वेळी नवी, स्टेनलेसची. लहान मोटरींना शिअर पिन (धडकेत आधी स्वतः तुटून गिअर वाचवणारी पिन) असते, दोन जादा बोटीत ठेवा. तिच्या जागी खिळा ठोकला की पुढच्या धडकेत पिनऐवजी गिअर तुटतो.

पूर्ण थ्रॉटलला आरपीएम मॅन्युअलच्या पट्ट्यात येतात का ते बघा. एक इंच पिच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फूट आहे आणि दर हजार फुटांना इंजिनाची सुमारे ३ टक्के ताकद कमी होते. कारवारच्या किनाऱ्यावर बरोबर चाललेला पंखा इथे भरल्या बोटीला जड वाटला, तर एक इंच कमी पिचचा लावून बघा. पहिल्या फेरीनंतर नट आणि पिन पुन्हा तपासा.