आळंदीच्या वारकरी संस्थेत पोराला ठेवायचंय? माझ्या सहा वर्षांचा अनुभव

मे महिना आला की गावाकडून फोन चालू होतात, पोराला आळंदीला ठेवायचंय, संस्था कशी असते, जेवण काय देतात, शाळा बुडते का. प्रत्येकाला तेच सांगतो म्हणून आज नीट लिहून ठेवतो. मी पाचवीला आलो आणि दहावी करून निघालो. आईबाप ऊसतोडीला जायचे, दिवाळीच्या आसपास जे कारखान्यावर गेले ते उन्हाळ्यातच परत, म्हणून मला इथं ठेवलं. आमच्या खोलीत निम्मी पोरं अशीच होती, बीड, परभणी, जालन्याकडची.

आधी एक गोष्ट क्लिअर करा. जोग महाराजांनी 1917 साली काढलेली वारकरी शिक्षण संस्था वेगळी, तिथला चार वर्षांचा कोर्स म्हणजे पूर्णवेळ ज्ञानेश्वरी, गीता, संस्कृत, कीर्तन. लहान पोरांना ठेवतात त्या बहुतेक छोट्या खाजगी संस्था, एखादे महाराज चालवतात, पोरं राहतात संस्थेत आणि दिवसा जवळच्या शाळेत जातात. दोन्हीत गोंधळ करू नका, आणि एक संस्था बघितली म्हणजे सगळ्या तशाच असतील असंही धरू नका.

आमचा दिवस साडेचारला काकड्याने सुरू व्हायचा, मग गीतेचा पाठ, शाळा, संध्याकाळी हरिपाठ, त्यानंतर गायन नाहीतर मृदंग, मग पंगत. पहिले पंधरा दिवस पोरगं रडणारच, मीपण रडलो, पहाटेची झोप मोडते ना. जेवणाची मात्र कधी आबाळ झाली नाही, कुणाचा वाढदिवस, कुणाचं वर्षश्राद्ध, अन्नदान चालूच असायचं.

आता आजारपणाचं सांगतो कारण ह्यात मी स्वतः पोळलोय. पहिल्याच पावसाळ्यात मला खरूज झाली, बोटांच्या बेचक्यात, कमरेला, रात्रभर खाजवायचो पण लाजेने तीन आठवडे कुणाला बोललो नाही आणि मोठ्यांपैकी कुणी बघितलंही नाही. शेवटी नववीतल्या एका दादाने हरिपाठात टाळ धरलेले माझे हात बघितले, हरिपाठ सुटल्या सुटल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं एकट्याला औषध लावून काही होणार नाही, खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं आणि पांघरुणं, कपडे गरम पाण्यात धुवायचे. चौदा पोरं आणि चौदा चादरी, त्या दादाने एका रविवारी सगळ्या उकळून घेतल्या. आम्हाला काही झालं की आम्ही त्याच्याकडे जायचो, नाहीतर स्वयंपाकाच्या मावशींकडे. म्हणून ॲडमिशनच्या वेळी फॅन किती, कॉट आहेत का हे जरूर बघा पण त्याच्या आधी विचारा की रात्री पोराला ताप आला तर ते कुणाला उठवणार, आणि त्या माणसाला समोर बोलवून भेटा.

फोनचंही तसंच. आठवड्यातून एकदा पोराला एकट्याला बोलू देतात का ते विचारा, शेजारी कुणी उभं असेल तर पोरगं "बरंय" एवढंच बोलतं. मधे कधीतरी न कळवता जाऊन भेटा, भेटू देत नसतील तर तिथं ठेवूच नका. मारहाण झाली, कुणी नको तिथं हात लावला तर महाराज असो की मोठा विद्यार्थी, सहन करायचं नाही हे पोराला घरूनच सांगून पाठवा. 1098 हा मुलांसाठीचा फुकट नंबर आहे, चोवीस तास लागतो, तो पाठ करून घ्या. माळ घातलीय म्हणून गप्प बसायचं असं कुठल्या संतांनी सांगितलेलं नाही.

पोरांनो, तुमच्यासाठी सांगतो, पहिल्या वर्षीच मृदंग किंवा गायन काहीतरी एक धरा. मी मृदंग धरला. धुमेला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक मळायचं काम नव्या पोराकडे असतं, घट्ट झाली तर आवाज बसतो आणि सैल झाली तर बोटांना चिकटते, मधोमध थापून हाताने वाजवून बघायची आणि घुमारा येईपर्यंत थोडी थोडी वाढवायची. वाजवून झालं की कणीक लगेच काढून चामडं पुसून ठेवायचं नाहीतर ती वाळून चामड्याला धरते. दोन महिने मी फक्त हेच केलं, पण कणीक जमली तशी पोरं मला हाका मारून बोलवायला लागली आणि माझं रडणं थांबलं. पुढे भजनी ठेका आला, गावच्या सप्ताहात साथ करायला लागलो, चार पैसे मिळाले. खेळायला संध्याकाळी अर्धा तास कबड्डी असायची. इंद्रायणीत पोहायला मात्र जाऊ नका, पाण्याला फेस येतो आणि धार लागली की भल्याभल्यांना आवरत नाही.

वारी हा सगळ्यात मोठा उपक्रम. माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, पुण्यातून दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण बघितलं, वारकरी दोन्ही बाजूंना रांगेत उभे आणि मधून घोडा धावतो, तो दिवस मला अजून तसाच दिसतो, घोडा अगदी जवळून गेला आणि अंगावर माती उडाली. पण शाळा जूनच्या मधात उघडते आणि वारी त्याच सुमारास, म्हणजे वर्षाचे पहिले धडे हुकतात. सातवीला माझं गणित तिथंच अडकलं ते वर्षभर सुटलं नाही. आठवीपासून वारीच्या आधी वर्गातल्या गावकरी पोराला वही बोलून ठेवायचो आणि आल्यावर आठ दिवसात उतरवून काढायचो. दहावीच्या वर्षी वारीला गेलो नाही, महाराजांनी स्वतःच थांबवलं. तुमच्या संस्थेत दहावीच्या पोरांचं काय करतात हे आधी विचारून घ्या.

सामान जास्त देऊ नका. पत्र्याची पेटी आणि कुलूप, दोन पांढरे सदरे, टॉवेल स्वतःचा वेगळा, नखं कापायचं, साबण, जाड पांघरूण कारण कार्तिकीला थंडी खूप असते. आणि पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा, त्यावर तुमचा नंबर, मामाचा नंबर आणि 1098, मोठ्या अक्षरात.