ॲव्हरेज वाढवायचंय? आधी टपावरचं कॅरियर उतरवा
लग्नसराई संपते, तरी टपावरचं रिकामं कॅरियर तसंच राहतं आणि जळगाव-धुळे हायवेवर वारा अडवून पेट्रोल खातं. चार बोल्ट सोडा, घरी ठेवा.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरात आकडा जास्त दिसतो आणि आपण फसतो. किती भरायची ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. हायवेला काटा ८० च्या आसपास ठेवा. पुढे टोलनाका दिसला की पाय लवकर उचला, गियर राहू द्या.

कन्नड घाट उतरताना मात्र न्यूट्रल नकोच! फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत (म्हणजे आजच्या बहुतेक गाड्यांत) गियरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये ते जळत राहतं, वर ब्रेक तापतात ते वेगळं.